वरून परत आलेला हुकूम

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजांना चुका करता येत असत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निस्तरताही येत असत.

समुद्राच्या काठी एक राज्य होते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला पाणी, मध्ये नारळी-पोफळी आणि माणसे. राज्य इतके लहान की राजा शिंकला तर वेशीवरच्या पहारेकऱ्याला ऐकू जाई. तरी त्या राज्याच्या दरबारात एक गोष्ट अशी होती, जी मोठमोठ्या साम्राज्यांत नव्हती.

सिंहासनाच्या मागे, सिंहासनाहून एक पायरी वर, फणसाच्या लाकडाचे एक साधे आसन होते. त्याच्यावर कोणी बसत नसे.

त्याचे असे झाले होते. या राज्याचा पहिला राजा मुळात खलाशी होता. वादळात त्याचे गलबत फुटले आणि तो अर्धमेला किनाऱ्याला लागला. त्याला उचलून घरी नेले ते तेल गाळणाऱ्या माणसांनी. ही माणसेही कधीकाळी अशीच फुटक्या गलबतातून आलेली. त्यांची हिब्रू पोथी त्या वेळी समुद्रात बुडाली होती. अक्षरे बुडाली, पण आठवणी तरंगल्या. देव एकच आहे, त्याची मूर्ती नाही, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. बाकीची पोथी त्यांच्या बायकांच्या गाण्यांत आणि गोष्टींत उरली होती. घरात मूल जन्माला आले, की नाव ठेवायच्या दिवशी ते एक खुर्ची रिकामी ठेवीत. दिसत नाही पण येतो, अशा पाहुण्यासाठी.

खलाशाने ती खुर्ची पाहिली. पुढे नशिबाने तो राजा झाला, तेव्हा सुताराला म्हणाला, "मला पाण्यातून कोणी काढलं ते मला दिसलं नाही. तेव्हा माझ्या वरची एक जागा रिकामी राहू दे."

तेव्हापासून दरबाराची एक रीत पडली. राजाने हुकूम सोडला, की तो लिहून संध्याकाळी त्या आसनावर ठेवायचा. सकाळी राजाने स्वतः तो उचलायचा. हुकूम योग्य वाटला तर "वरून आला" म्हणायचे आणि दवंडी पिटायची. नाही वाटला तर "वरून परत आला" म्हणायचे आणि चुलीत घालायचा. कोणी का म्हणून विचारीत नसे. आणि प्रत्येक हुकमाच्या शेवटी, प्रत्येक आशीर्वादाच्या शेवटी, किंबहुना त्या राज्यातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी लोक म्हणत, "वरच्याची मर्जी."

या रितीत मोठी सोय होती. एका राजाची दाढ दुखत होती, ती उपटताना न्हाव्याचा हात जरा जड पडला. राजाने सुजलेल्या तोंडाने हुकूम सोडला की न्हाव्याचे सगळे दात काढा. सकाळी सूज उतरली आणि हुकूम वरून परत आला. दुसऱ्या एका राजाला कोंबड्यांच्या बांगेने जाग येई, म्हणून त्याने राज्यातल्या कोंबड्यांना उन्हे वर आल्याशिवाय आरवण्याची बंदी केली. तो हुकूमही परत आला, आणि तो परत आल्याची वर्दी नेमकी एका कोंबड्यानेच दिली. राजाला माघार घ्यावी लागत नसे. हुकूमच माघारी येई. मान जात नसे, आणि न्हाव्याचे दातही जात नसत.

आता आपल्या गोष्टीतला राजा. हा त्या खलाशाच्या वंशातला. त्याची आई तो पाळण्यात असतानाच गेली, आणि त्याला वाढवले ते तेल गाळणाऱ्यांच्या वस्तीतल्या शेगुलाबाईने. राजा तिला माय म्हणे. तिच्या पदराला ताज्या खोबरेलाचा वास येई. ती त्याला ओले खोबरे आणि गूळ घातलेले पोहे भरवी, आणि तो तोंड फिरवू लागला की बुडालेल्या पोथीतली गोष्ट सांगे. एका बलाढ्य बादशहाची. त्याने गच्चीवरून आपले नगर पाहिले आणि म्हणाला, हे सगळे मी बांधले, माझ्या बळावर. त्याच क्षणी त्याची मती गेली, आणि तो रानात जाऊन बैलासारखा गवत खात हिंडू लागला.

"मीठ लावून खायचा का गं माय?" लहानगा राजपुत्र विचारी.

"मीठ कुठलं रे बाबा! दव पडेल तेवढीच चव."

मग पुढे काय झाले ते ऐकण्याआधीच त्याला झोप लागे. दर वेळी हेच. पोहे संपत, गोष्ट उरे.

दिवस सरले. राजपुत्र राजा झाला. शेगुलामाय म्हातारी होऊन आपल्या वस्तीत परतली. आणि दरबारात एक नवे प्रधान आले.

प्रधान फार शिकलेले होते. सात देश हिंडून आले होते, आणि त्या सातही देशांत त्यांनी वाद जिंकले होते. मनाने ते वाईट नव्हते. त्यांची अक्कल सुरीसारखी होती. दोष एवढाच की दिसेल ते कापून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एकदा शेजारच्या राज्याचा वकील दरबारात आला. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, "महाराज, आपल्या दरबारातली सर्वांत उंच जागा रिकामीच दिसते. मालक कुठे बाहेरगावी गेलेत का?"

दरबार हसला नाही. पण राजाचे कान लाल झाले.

वकील उतरायला गेल्यावर प्रधान म्हणाले, "महाराज, रागावू नका, पण तो खोटं काय बोलला? आसन रिकामं आहे. रिकाम्या आसनावर आपण हुकूम ठेवतो. सकाळी तोच हुकूम आपणच उचलतो. म्हणजे विचारणारे आपण आणि सांगणारेही आपण. मग मधे ते लाकूड कशाला?"

"पूर्वजांची रीत आहे," राजा म्हणाला.

"पूर्वज खलाशी होते, महाराज. आपण राजे आहात."

हे वाक्य राजाला फार आवडले. माणसाला खाली पाडायचे असेल तर त्याला ढकलावे लागत नाही, आणखी एक पायरी वर चढ म्हटले की पुरते.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात, त्या वकिलाच्या देखत, राजाने आसन हलवायला सांगितले. सेवकांनी ते नेऊन मुदपाकखान्याच्या मागच्या परसात ठेवले. कोंबड्यांना राजकारण कळत नसल्याने त्या त्याच्यावर निवांत बसू लागल्या.

"यापुढे," राजा म्हणाला, "माझ्या शब्दाच्या वर शब्द नाही. बोललो की तो कायदा. आणि 'वरच्याची मर्जी' हे शब्द या राज्यात कोणी उच्चारायचे नाहीत. म्हणायचंच असेल तर 'महाराजांची मर्जी' म्हणा."

"आणि कोणी जुनं बोललंच तर?" प्रधानांनी विचारले. "माझ्या मते, दोन दिवस बिनमिठाचं जेवण पुरे."

पण वकील बघत होता. राजाने छाती फुगवली. "बोलेल त्याला बिनवल्ह्यांच्या होडीत बसवून समुद्रात सोडा."

ही शिक्षा फितुरांची होती. ओहोटी लागली आणि वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहत असला, की माणसाला तशा होडीत बसवून लोटून देत. गेलेली होडी आजवर कधी परत आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाला जाग आली तेव्हा त्याला वाटले, जरा जास्तच झाले. सवयीने तो दरबारात गेला आणि सिंहासनामागे हात नेला. तिथे काही नव्हते. बाहेर दवंडी तर आदल्या दिवशीच पिटून झाली होती.

पुढचे काही दिवस मजेचे गेले. कामे झपाट्याने होऊ लागली. पूल व्हावा म्हटले की पूल होई. राजाला वाटले, इतकी वर्षे आपण उगाच वाट पाहिली.

लोकांची मात्र पंचाईत झाली. पिढ्यान्‌पिढ्यांची जिभेची सवय. वाक्य सुरू करीत आणि शेवटाशी येऊन ठेचकाळत. बाजारात कोणी कोळणीला विचारी, "काय आक्का, उद्या सुरमई गावेल का?" ती म्हणे, "गावेल की, ती आपली..." आणि पुढचे गिळून आभाळाकडे बोट दाखवी. शिपाई जवळच उभे असत. पण आभाळाकडे बोट दाखवण्याला बंदी नव्हती, आणि खरे तर शिपायांच्या घरीही हेच चाले. एकूण सगळे राज्य पहिल्यापेक्षा जास्त वर बघू लागले.

अशात राजाच्या घरी बऱ्याच वर्षांनी पाळणा हलला. मुलगी झाली. राजाला आनंद मावेना. त्याने सांगून ठेवले, "माझ्या मुलीला पाळण्यात घालील ती शेगुलामायच."

नाव ठेवायच्या दिवशी दरबार फुलांनी भरला. शेगुलामाय आली. पाठ वाकलेली, पण लुगडे कडक धुतलेले, कमरेला गुळाच्या पोह्यांची पुरचुंडी. तिने इकडेतिकडे पाहिले.

"खुर्ची कुठंय रे बाबा? रिकामी खुर्ची मांडली नाही?"

राजा खाली बघू लागला. प्रधान पुढे झाले आणि नम्रपणे म्हणाले, "बाई, ती प्रथा बंद झाली. आपण एवढंच म्हणायचं, सुखी राहो, मोठी होवो, महाराजांची मर्जी."

शेगुलामायने बाळाला छातीशी धरले. बाळाने तिचे बोट पकडले.

"बाबा," ती राजाला म्हणाली, "हिला दात येतील तेव्हा ताप येईल. तो तुझ्या मर्जीनं उतरणार आहे का?"

राजा पाळण्याची दोरी चाचपू लागला.

"तुला गोवर आला होता. तेव्हा तुझा बाप माझ्या शेजारी जमिनीवर बसून होता. राजाच होता तोही. पण त्यानं काय तुझ्या गोवराला हुकूम सोडला?"

"माय, आज एवढं ऐक..."

"ऐकलं असतं रे. तुझ्यासाठी ऐकलं असतं. पण आशीर्वाद या पोरीला द्यायचाय. ज्याच्या हातात नाही, त्याच्या नावानं कसा देऊ?" आणि तिने बाळाला पाळण्यात ठेवले, वर पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, "सुखी राहो, मोठी होवो, वरच्याची मर्जी!"

जुन्या सवयीने निम्म्या दरबाराच्या ओठांवर तेच शब्द आले. ते तसेच गिळले गेले.

शेगुलामायला कोठडीत ठेवावे लागले. राजाने घाईघाईने सगळ्या शहाण्यांना बोलावले. "मार्ग काढा," तो म्हणाला.

एक पंडित म्हणाला की बाई बोललीच नाही, असे आपण सगळ्यांनी ठरवू. दुसरा म्हणाला, ऐकणारे फार होते, त्यापेक्षा तिला वेड लागल्याचे ठरवू. तिसऱ्याने सुचवले की होडी हा शब्द नीट तपासून पाहावा. राजाने कंटाळून प्रधानांकडे पाहिले.

"मी तो हुकूम मागे घेतो," तो म्हणाला.

"कुठे, महाराज?" प्रधानांनी विचारले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, उलट वाईट वाटत होते. "पूर्वी हुकूम वर जात होता, म्हणून वरून परत येत होता. आता आपल्या शब्दाच्या वर काही नाही. तो परत यायचा तर कुठून येणार? आज हा शब्द मोडला, तर उद्या शेजारचा राजा विचारील की तहाचा कधी मोडणार. मीच ही व्यवस्था केली. मलाच तिच्यात फट सापडत नाही. फार चांगली झाली आहे."

राजा तसाच उठून कोठडीकडे गेला. उन्हे अजून उतरली नव्हती. शेगुलामाय भिंतीला टेकून बसली होती.

"माय, फक्त म्हण की जीभ घसरली. एवढ्यावर निभावून नेतो."

"घसरली नाही रे. ती तिच्या जागेवरच बसलीय."

"माझ्यासाठी एवढं खोटं बोल."

"वा! तुला बोलायला मी शिकवलं, आणि आता मला खोटं बोलायला तू शिकवणार?"

राजाचे डोळे भरून आले. तो चिडूनच म्हणाला, "त्या लाकडाच्या तुकड्यासाठी एवढं? तो खरंच तिथे येऊन बसत होता का?"

शेगुलामाय हसली. "तो कशाला बसेल लाकडावर? त्याला आभाळ पुरत नाही. ते आसन त्याच्यासाठी नव्हतंच, बाबा. तुझ्यासाठी होतं. मान वर करायची सवय राहावी म्हणून."

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी सगळे गाव किनाऱ्यावर जमले. वारा डोंगराकडून सुटला होता, शिक्षेला हवा तसाच. शिपायांनी बिनवल्ह्यांची होडी पाण्याच्या कडेला आणली. शेगुलामाय आत बसली आणि तिने पुरचुंडी मांडीवर घेतली. तेल गाळणाऱ्यांच्या बायका रडत होत्या. राणी मुलीला घेऊन उभी होती. होडी लोटायची खूण राजानेच करायची होती.

राजाने हात उचलला. तो हात तसाच राहिला. मग राजाने मान वर केली. इतक्या दिवसांनी मान वर केल्याने ती जरा दुखली असावी.

"वरच्याची मर्जी," तो म्हणाला.



"महाराज, आपण काय बोललात?" प्रधानांचा चेहरा पांढरा पडला.

"ऐकलंत तेच. प्रधानजी, कायदा सांगा. बोलेल त्याचं काय करायचं?"

"पण कायदा आपलाच..."

"म्हणूनच विचारतोय. माझ्या शब्दाच्या वर शब्द नाही ना? मग मीसुद्धा त्याच्या खालीच आलो."

सात देशांत वाद जिंकलेले प्रधान पागोटे सावरू लागले. राजाने मुकुट काढून वाळूवर ठेवला, मुलीच्या गालावरून बोट फिरवले आणि पाण्यात शिरून होडीत चढला. शिपाई जागचे हलेनात. शेवटी त्यानेच पायाने वाळूला रेटा दिला. ओहोटीने होडी उचलली, वाऱ्याने पाठीवर घेतली, आणि बघता बघता ती सुपारीएवढी झाली.

होडीत राजा आधी हातांनीच पाणी मारू लागला. होडी गोल फिरली, इतकेच.

"बस की निवांत," शेगुलामाय म्हणाली. "राज्य चालवलंस तेवढं पुरे नाही झालं? आता होडीही चालवणार?"

राजा बसला. किनारा बारीक होत चालला होता. "माय, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पाण्याची वाटते. तुझी नव्हती वाटत."

तिने पुरचुंडी सोडली. पोहे जरा दमट झाले होते, पण खोबरे आणि गूळ तोच. राजाने घास घेतला आणि त्याला एकदम सगळे आठवले. खोबरेलाचा वास, शनिवारी घाणे थांबल्यावर वस्तीत पसरणारी शांतता, उंबऱ्यावर बसलेली माय, आणि आपण कोणीच नव्हतो तेव्हाचे ते सुख. तेव्हा त्याला कोणी काही विचारीत नसे, आणि काही ठरवावेही लागत नसे. कोणीतरी मोठे वर आहे एवढ्या भरवशावर तो झोपून जाई.

"माय, त्या गवत खाणाऱ्या बादशहाचं शेवटी काय झालं गं? मला दर वेळी आधीच झोप लागायची."

"फार काही नाही. एके दिवशी चरता चरता त्यानं मान वर केली. आभाळाकडे बघितलं. तशी मती परत आली, आणि मागोमाग राज्यही."

"एवढंच?"

"एवढंच. पण तेवढ्यासाठी त्याला किती गवत खावं लागलं बघ."

राजा हसला. हसता हसता त्याला रडू आले. मग तो मायच्या पायाशी, होडीच्या तळाला पाठ टेकून पडून राहिला. वर निळे आभाळ होते. त्याला कसलाही हुकूम सोडावासा वाटला नाही.

इकडे किनाऱ्यावरून कोणी घरी गेले नव्हते. वाळूवर मुकुट तसाच पडला होता. आता राज्यात सर्वांत मोठे प्रधान. मुकुट चार पावलांवर होता, पण त्याच्याकडे बघायलाही त्यांना धीर होईना. राणी बाळाला घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"प्रधानजी, तुम्हाला सगळं कळतं. सांगा, ते परत येतील ना?"

प्रधानांनी समुद्राकडे पाहिले. वाऱ्याचा विचार केला, ओहोटीचा केला, वाचलेल्या सगळ्या पुस्तकांचा केला. सगळीकडून एकच उत्तर येत होते, आणि ते पाळण्यातल्या लेकराच्या आईला सांगण्यासारखे नव्हते. त्यांनी तोंड उघडले, आणि आतून, कुठून कोण जाणे, शब्द आले:

"वरच्याची मर्जी, राणीसाहेब."

शिपायांनी एकमेकांकडे पाहिले. एक म्हातारा हवालदार घसा साफ करून म्हणाला, "प्रधानजी, तुम्हालाही आता... पण शिक्षेची होडी एकच होती, आणि ती गेलीय."

त्या एवढ्या दुःखातही गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसले. आणि मग, इतके दिवस अडवलेला पाट फुटावा तसा सगळ्या किनाऱ्यावरून एकच आवाज उठला. कोळणी म्हणाल्या, तेलवाले म्हणाले, शिपाई म्हणाले. वरच्याची मर्जी, वरच्याची मर्जी. एवढ्या होड्या तर त्या राज्यात नव्हत्याच.

तेवढ्यात प्रधानांच्या पागोट्याचा शेमला, जो सकाळपासून समुद्राकडे फडफडत होता, उलटा फिरून त्यांच्या तोंडावर आला.

वारा फिरला होता.

हवेची माहिती असलेले लोक याची कारणे सांगतात. कारणे खरीच असतील. पण कारणांनाही कोणीतरी कामाला लावीत असतो.

उन्हे कलली तेव्हा होडी दिसली. आधी सुपारीएवढी, मग नारळाएवढी. ती कोणी वल्हवीत नव्हते. भरतीने तिला आणून अलगद वाळूवर ठेवले, जिथून ती गेली होती त्याच्या थोडी उजवीकडे. राजाला झोप लागली होती. शेगुलामायने त्याला हलवून उठवले. "ऊठ रे बाबा. या खेपेला गोष्ट संपल्यावर झोपलास."

राजाने घरी जाण्याआधी परसातल्या कोंबड्या उठवल्या, आसन स्वतःच्या हाताने धुतले आणि होते तिथे, सिंहासनाच्या एक पायरी वर नेऊन मांडले. संध्याकाळी त्याने तो बंदीचा हुकूम त्याच्यावर ठेवला.

प्रधान अंग चोरून दारात उभे होते. "महाराज, माझं काय? मीही ते शब्द बोललो."

"तुमची होडी तयार आहे, प्रधानजी," राजा गंभीरपणे म्हणाला. "पण सकाळपर्यंत थांबू. हुकूम वर गेलाय."

सकाळी राजाने हुकूम उचलला, सगळ्या दरबाराकडे पाहिले आणि म्हणाला, "वरून परत आला."

म्हणतात की तो कागद चुलीत घालण्याचा मान प्रधानांनी मागून घेतला. ते पुढे पुष्कळ वर्षे प्रधान राहिले आणि चांगले काम करीत राहिले. अक्कल तीच होती. फक्त आता सुरीला म्यान मिळाले होते.

पुढे एकदा तो शेजारचा वकील पुन्हा आला. आसन जागेवर पाहून त्याने भुवई उंचावली. राजाने त्याला विचारले, "तुमच्या महाराजांच्या वर कोण बसतं?"

"कोणीच नाही," वकील ताठ मानेने म्हणाला.

"अरेरे," राजा म्हणाला, आणि त्याच्यासाठी गुळाचे पोहे मागवले.

ते राज्य आता नाही. राजे गेले, दरबार गेला. फणसाचे आसन कोणाच्या परसात आहे, की चुलीत गेले, कोणी सांगत नाही. आता हुकूम निघाला की निघाला. रात्रभर थांबत नाही, आणि सकाळी परतही येत नाही. पण त्या किनाऱ्यावरची म्हातारी माणसे अजून होडी पाण्यात लोटताना क्षणभर थांबतात, मान वर करतात आणि मगच रेटा देतात. का, ते विचारले तर म्हणतात, आमच्याकडे रीतच आहे.

तात्पर्य: राजाचा हुकूम आणि शहाण्याची अक्कल होडी लोटू शकतात, पण ती कोणत्या काठाला लागायची, ते वरचाच ठरवतो.